अळिंबीतून उगवलेल्या दिव्याने उजळा घर

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये ऑक्टोबर आला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शास्त्री मार्केटमध्ये दिवाळीच्या खरेदीची झुंबड उडते आणि संध्याकाळच्या हवेत धूर जाणवू लागतो. या धुरात पंजाब-हरियाणातल्या शेतांत जळणाऱ्या पराळीचा, म्हणजेच भाताच्या पेंढ्याचाही वाटा असतो. एकट्या पंजाबात दरवर्षी जवळपास २ कोटी टन पराळी निघते. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर या दिवसांत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

पण हाच पेंढा न जाळता त्यातून तुमच्या जेवणाच्या टेबलावरची लॅम्पशेड उगवता आली तर? हो, उगवताच! हे काम करते आपल्या ओळखीची अळिंबी, म्हणजेच मशरूम.

मशरूम प्रकाश देतं का?

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याच्या रात्री चमकणाऱ्या बुरशीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. पण इथे तो प्रकार नाही. इथे प्रकाश एलईडी बल्बचाच असतो, अळिंबीपासून बनते ती फक्त शेड.

आपण खातो ती अळिंबीची छत्री. तिच्याखाली पांढऱ्या, बारीक तंतूंचं जाळं असतं. त्याला मायसेलियम म्हणतात. हे तंतू पेंढा किंवा लाकडाचा भुसा खात वाढतात आणि त्याचे तुकडे एकमेकांना घट्ट बांधतात. साच्यात वाढवलं तर साच्याचाच आकार येतो. नंतर वाळवलं की थर्माकोलसारखी हलकी, टणक वस्तू तयार होते.

२००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या इकोव्हेटिव्ह कंपनीने या तंत्राने पॅकिंगचं साहित्य बनवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या डिझायनर डॅनियल ट्रोफी यांनी यातूनच दिवे घडवले. २०१७ मध्ये लंडनमध्ये सेबॅस्टियन कॉक्स आणि निनेला इवानोवा यांनी लाकूड आणि मायसेलियमचे दिवे मांडले. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून पर्याय शोधणाऱ्यांसाठीही ही वाट उपयोगाची आहे.

बियाणं कुठे मिळेल?

चंदीगडकरांचं नशीब चांगलं. डोंगर चढून दोनेक तासांत पोहोचता येईल अशा सोलनला १९९७ मध्ये ‘मशरूम सिटी ऑफ इंडिया’ म्हणून घोषित केलं गेलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं मशरूम संशोधन संचालनालयही तिथेच आहे. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात चौकशी करा. ‘धिंगरीचं स्पॉन’ मागा. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम. ती भराभर वाढते, म्हणून नवशिक्यांसाठी उत्तम.

अशी उगवा लॅम्पशेड

• पेंढा दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवा. मग ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवा, म्हणजे इतर बुरशी मरते.

• पेंढा निथळून पूर्ण गार होऊ द्या. मुठीत दाबल्यावर ओलावा जाणवावा, पण पाणी टपकू नये.

• हात आणि भांडी स्पिरिटने पुसा. १ किलो ओल्या पेंढ्यात साधारण १०० ग्रॅम स्पॉन मिसळा.

• एकात एक बसतील असे दोन प्लास्टिकचे बाऊल घ्या. मधल्या २ ते ३ सेंटीमीटरच्या फटीत मिश्रण दाबून भरा. होल्डरसाठी तळाशी जागा सोडा.

• वरून प्लास्टिकचा पातळ कागद लावून सुईने भोकं पाडा. २० ते २८ अंश तापमानात, अंधाऱ्या फडताळात ठेवा.

• १० ते १४ दिवसांत सगळं पांढरं झालं की साच्यातून काढा. सैल पिशवीत आणखी दोन-तीन दिवस ठेवलं तर वर मखमलीसारखा थर येतो.

• दिवसभर कडक उन्हात ठेवून नंतर ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांवर वाळवा. वजन कमी व्हायचं थांबलं की शेड तयार.

ही शेड अपारदर्शक असते, त्यामुळे प्रकाश खालीच पडतो. भरताना मिश्रणात आरपार पेन्सिली खोचून ठेवल्या तर नंतर छान भोकं मिळतात. सेक्टर २२ मधल्या जुन्या सरकारी घरांच्या विटांच्या जाळ्यांतून ऊन जसं ठिपक्याठिपक्यांनी आत येतं, तसा प्रकाश भिंतीवर पडतो.

या चुका टाळा

माझी पहिली शेड चौथ्या दिवशीच हिरवी पडली. कारण एकच, घाईघाईत कोमट पेंढ्यातच स्पॉन मिसळलं होतं. हिरवा किंवा काळा डाग दिसला, आंबूस वास आला तर मोह ठेवू नका. पिशवी न उघडता बांधून फेकून द्या.

दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची. छत्र्या फुटायच्या आतच शेड वाळवा. धिंगरीचे बीजाणू हवेत पसरले तर खोकला आणि अॅलर्जीचा त्रास होऊ शकतो. घरात दमा असलेलं कुणी असेल तर हे काम गच्चीत किंवा वेगळ्या खोलीत करा, नाहीतर तयार शेडच विकत घ्या. धुरापासून जपायचं आणि बीजाणूंनी त्रास द्यायचा, असं व्हायला नको.

• फक्त ५ ते ७ वॅटचा एलईडी बल्ब लावा. मेणबत्ती किंवा पणती आत ठेवू नका, शेड पेट घेऊ शकते.

• होल्डर आणि वायर आयएसआय मार्कचीच घ्या. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

• बाथरूममध्ये किंवा पावसाचे शिंतोडे येतील अशा गॅलरीत टांगू नका.

एका शेडला जेमतेम ओंजळ-दोन ओंजळ पेंढा लागतो. त्याने शेतातली आग विझणार नाही. पण हरियाणात पराळी आणि मायसेलियमपासून पॅकिंगचं साहित्य बनवणारा कारखाना उभा राहिला आहे. अशा वस्तूंना घराघरातून मागणी आली तर शेतकऱ्याला पेंढा जाळण्याऐवजी विकावासा वाटेल.

यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी एक बाऊल भरून ठेवा. साचा उघडायचं काम मुलांना द्या. आणि दोन-चार वर्षांनी शेड जुनी झाली की होल्डर आणि वायर काढून ठेवा, बाकीची कुस्करून तुळशीच्या कुंडीत घाला.