मिसेस पिंकहॅम यांचं टपाल

या खेपेला डॉ. विल्यम्स यांच्या गुलाबी गोळ्यांकडे वळायचं ठरलं होतं. त्या गोळ्या आठवडाभर थांबतील. गेल्या रविवारी आपण अमेरिकेतल्या लिन गावच्या दफनभूमीत, बायकांच्या दुखण्यांवरचं औषध विकणाऱ्या लिडिया पिंकहॅम यांच्या कबरीच्या फोटोपाशी थांबलो होतो. त्यावर कऱ्हाडहून एका निवृत्त परिचारिकाबाईंचं पत्र आलं. त्या विचारतात, ‘बाई १८८३ मध्ये वारल्या, कबरीचा फोटो १९०५ मध्ये छापून आला. मधली बावीस वर्षं त्यांच्या नावाने आलेल्या पत्रांना उत्तरं कोण देत होतं? आणि मुळात त्या बायका एवढं लिहीत काय होत्या?’ पत्राच्या शेवटी त्यांनी मेथीबद्दलही विचारलं आहे. त्याकडे नंतर येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सून. लिडियाबाईंची मुलं डॅन आणि विल १८८१ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने क्षयाने गेली. उरलेला चार्ल्स धंद्यात राहिला आणि त्याची बायको जेनी ही पुढच्या काळातली ‘मिसेस पिंकहॅम’ झाली. नाव खरंच तिचं होतं, त्यामुळे कंपनीला खोटं बोलावं लागलं नाही. पण जाहिरातीत चेहरा मात्र सासूबाईंचाच, तोच पांढऱ्या कॉलरचा, शांत, आजीसारखा. वाचणारी बाई पत्र लिहायची ती त्या चेहऱ्याला. १९०५ च्या जाहिरातीत तर मिसेस पिंकहॅम आपल्या लिनच्या प्रयोगशाळेत बसून अमेरिकेतल्या आजारी बायकांचं घरच्या डॉक्टरपेक्षा अधिक भलं करू शकतात, असा दावा होता. ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनी आपल्या मासिकात त्या जाहिरातीशेजारी कबर छापली ती त्याचसाठी. कंपनीने सुनेकडे बोट दाखवलं. खपाला धक्का बसला असेल असं वाटतं ना? विक्रीचा उच्चांक आला तो पुढे वीस वर्षांनी, १९२५ मध्ये, वर्षाला सुमारे ३८ लाख डॉलर. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांना बाई जिवंत आहे की नाही याची फारशी फिकीर नव्हती. त्यांना पत्र टाकायला एक पत्ता हवा होता.

म्हणून दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. बायका लिहीत होत्या ते त्यांना दुसरीकडे कुठेच बोलता येत नव्हतं. अंगावर पांढरं जातं. पाळीत चार दिवस उठवत नाही. पाचव्या बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं आणि तरी विहिरीचं पाणी ओढावं लागतं. मूल राहत नाही, किंवा राहतं आणि टिकत नाही. चाळिशी उलटली, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, विनाकारण रडू येतं आणि नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. कंपनीच्या जाहिराती याच भाषेत बोलत, म्हणून तर बायकांना पत्र लिहायचा धीर झाला. वर्तमानपत्रात, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी हे छापतंय, त्या अर्थी हे आपल्या एकटीचं नाही, हे पहिल्यांदा समजत होतं.

डॉक्टरकडे का गेल्या नाहीत, असं आजची वाचक सहज विचारेल. तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. गर्भाशयाच्या तोंडाशी जळवा लावणं, तिथे सिल्व्हर नायट्रेटने डाग देणं, हे तेव्हाचे मान्य उपचार होते. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या त्रासावर आणि ‘नसांच्या’ विकारांवर बीजकोश काढून टाकायची शस्त्रक्रिया सुरू केली. बीजकोश निकोप असले तरी ते काढत. ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि अमेरिका व युरोप या दोन्ही खंडांत पसरली. जंतुनाशनाची पद्धत अजून रुळायची होती, त्यामुळे टेबलावरून किती जणी परत उठत नसत याची कल्पना करा. आणि तपासणारा डॉक्टर बहुधा पुरुष. लिडियाबाई पत्रात उलट सल्ला देत की डॉक्टरांचा नाद सोडा, मोकळ्या हवेत फिरा, आंघोळ करा, साधं खा, माझं औषध घ्या. यातलं शेवटचं बाजूला ठेवलं तर उरलेला सल्ला त्या काळच्या कित्येक डॉक्टरांच्या उपचारांहून नक्कीच कमी घातक होता. हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

इथे मला आनंदीबाई जोशी आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि आठवण ओढून ताणून आणलेली नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात (आपल्या नगरचं नव्हे, कोलकात्याजवळचं) त्यांनी भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातो आहोत हे सांगताना त्यांचा मुद्दा हाच होता: परपुरुषापुढे आपला आजार उघडा करायला बाई स्वभावतःच कचरते, मग ती हिंदू असो की युरोपियन, म्हणून वैद्यक शिकलेल्या बायका हव्यात. त्या मे महिन्यात लिडिया पिंकहॅम लिनमध्ये वारल्या आणि जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. त्याआधी बंगालमध्ये असताना आनंदीबाईंना सततची डोकेदुखी, ताप, अशक्तपणा होता, आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार असलेल्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कारपेंटर यांनी त्यांना अमेरिकेहून औषधं धाडली होती. गुण आला नाही. एकाच दुखण्यातून निघालेल्या दोन वाटा मला इथे दिसतात. एक वाट फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे जाते, वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची, महाग, एकेकीपुरती. दुसरी वाट लिनच्या टपालखान्याकडे जाते, एका पोस्टाच्या तिकिटाची. हजारो बायकांना दुसरीच परवडणारी होती.

आता त्या टपालाच्या आत जाऊ. कंपनीचं आश्वासन ठळक अक्षरांत असे: तुमचं पत्र पुरुषाच्या नजरेला पडणार नाही. ते बाई उघडेल, बाई वाचेल, बाईच उत्तर लिहील. त्यासाठी लिनमध्ये लेखनिक बायकांचा एक अख्खा विभाग होता. गुप्ततेचं हे वचन म्हणजे माझ्या मते त्या धंद्यातली सर्वांत हुशार कल्पना. डॅन पिंकहॅमने ब्रुकलिनमध्ये दारोदार पत्रकं वाटली, विलने ‘बॉस्टन हेरल्ड’च्या पहिल्या पानाला साठ डॉलर मोजले, या सगळ्या युक्त्या इतर औषधवालेही करत होते. विश्वासाची जागा मात्र त्यांच्यासारखी कुणाला उभी करता आली नाही.

पण त्याच जागेतून माल निघत होता, हेही नीट पाहायला हवं. गुण आला असं लिहिणाऱ्या बाईचं पत्र तिच्या परवानगीने जाहिरातीत यायचं, नाव-गावासकट, आणि खाली मजकूर असायचा की हे पत्र खरं नाही असं ठरलं तर कंपनी पाच हजार डॉलर भरेल. म्हणजे एका बाईने खासगीत लिहिलेलं दुसरीला पत्र लिहायला उद्युक्त करत होतं आणि हे चाक फिरतं ठेवायला कंपनीला फक्त शाई लागत होती.

याहून वाईट प्रकार एकूण पेटंट औषधांच्या धंद्यात चालत होता. बॉक यांनी मार्क सलिव्हन नावाच्या तरुण वकिलाला या शोधावर लावलं. त्याने १९०४ च्या सुमाराला जे उजेडात आणलं ते वाचताना आजही माझा संताप होतो. बायकांनी औषध कंपन्यांना लिहिलेल्या पत्रांचे दलाल होते! दुखण्यानुसार पत्रांचे गठ्ठे लावलेले, आणि एका कंपनीचं काम झालं की ते दुसरीला विकायचे किंवा भाड्याने द्यायचे. पाळीच्या त्रासाचा गठ्ठा वेगळा, मूल न होण्याचा वेगळा. जिने आयुष्यात एकदाच, दार लावून, थरथरत्या हाताने ते लिहिलं असेल, तिचा कागद हजाराच्या भावात हातोहात फिरत होता. औषधात काय होतं यापेक्षा मला हा गुन्हा मोठा वाटतो. आपला फोननंबर आणि आपलं दुखणं आज कोणकोणत्या याद्यांत आहे याचा विचार ज्यांनी केला आहे, त्यांना यात जुनं काही वाटणार नाही.

बॉक मात्र संत नव्हते आणि त्यांच्याही हातून मोठी चूक घडली. १९०४ मध्ये त्यांनी डॉ. पिअर्स यांच्या ‘फेव्हरिट प्रिस्क्रिप्शन’ या बायकांच्या औषधात अफू आणि डिजिटॅलिस असल्याचं छापलं. ते त्यात नव्हतं. पिअर्स यांनी दोन लाख डॉलरचा दावा लावला आणि सोळा हजार डॉलर मिळवले. कबरीच्या फोटोला दगडाचाच पुरावा होता. बॉक यांची बाजू तिथे भक्कम होती ती म्हणून.

अमेरिकेत १९०६ चा अन्न आणि औषधांचा कायदा आला आणि बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण छापणं भाग पडलं. पिंकहॅम कंपनीच्या लेबलवर अठरा टक्के आलं, पुढे १९१४ मध्ये पंधरा झालं. दारूबंदी चळवळीला मानणारं घराणं, आणि ते औषध घेणाऱ्या कित्येक बायका बियरला हात न लावणाऱ्या. कंपनीचं म्हणणं कायम तेच राहिलं की मद्यार्क मुळ्यांचा अर्क उतरवायला आणि तो टिकवायला घातला आहे. तेवढ्यासाठी अठरा टक्के लागतात हे मला पटत नाही. पण तो कायदा लेबलपुरता होता. वर्तमानपत्रातल्या दाव्यांना त्याने हात लावला नाही आणि ते पुढे कित्येक वर्षं तसेच छापून येत राहिले. आपल्याकडे १९५४ मध्ये औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला, त्याने नेमकं जाहिरातीलाच धरलं. त्यात पाळीच्या तक्रारींवरच्या औषधांची जाहिरात नाव घेऊन वर्ज्य केलेली आहे. कलम वाचताना लिनची आठवण येते.

आणि आता मेथी. कऱ्हाडच्या बाई लिहितात, ‘गेल्या वेळी तुम्ही घटकांत मेथी म्हणालात आणि पुढे गेलात. आमच्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात. म्हणजे औषधात खरंच काही होतं का?’ पिंकहॅम यांच्या वहीतली कृती उपलब्ध आहे. शंभर पाइंटसाठी युनिकॉर्न रूट ८ औंस, लाइफ रूट, ब्लॅक कोहोश आणि प्लुरिसी रूट प्रत्येकी ६ औंस, आणि मेथीदाणे १२ औंस. सर्वांत जास्त मेथीच! पण हिशेब करून पाहा. १२ औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. ते शंभर पाइंटांत वाटले तर पाइंटमागे साडेतीन ग्रॅमही येत नाही, चहाचा एक सपाट चमचा. सगळी झाडपाला मंडळी एकत्र धरली तरी पाइंटला अकरा ग्रॅमच्या आतच. लाडवात आई याच्या कितीतरी पट मेथी घालते, आणि सोबत डिंक, खोबरं, तूप, गूळ.

उरलेल्या चारांपैकी ब्लॅक कोहोश आजही पाळी जाण्याच्या काळातल्या वाफांवर गोळ्यांच्या रूपात विकलं जातं. त्याच्या उपयोगाबद्दल झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. लाइफ रूटबद्दल मात्र सावध राहायला हवं. त्या वनस्पतीत यकृताला अपाय करणारी अल्कलॉइड्स असतात, हे आता माहीत आहे. ‘वनस्पतींचं आहे, अपाय कसला?’ हे वाक्य पिंकहॅम कंपनीने औषधाच्या नावातच घालून विकलं, आणि आज आपल्याकडे ते वाक्य ऐकू येत नाही अशी गल्ली दाखवा. म्हणून परिचारिकाबाईंना माझं उत्तर: होतं, थोडं होतं, आणि त्यातलं सगळंच भलं नव्हतं.

मला विचाराल तर लिनमधून बाहेर पडलेली सर्वांत चांगली वस्तू बाटलीत नव्हती. ती होती फुकट मिळणारी पुस्तिका. सुरुवातीला चार पानांची होती, पुढे वाढत गेली. पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, चाळिशीनंतर शरीरात काय घडतं, हे तिच्यात सरळ शब्दांत लिहिलेलं असे. मधेमधे औषधाची भलामण होतीच. पण आईने मुलीला सांगायला लाजावं असं ते कागदावर, पोस्टाने, घरात येत होतं, आणि ज्या घरी बाटलीचा एक डॉलर परवडत नव्हता त्या घरीही पोहोचत होतं. लिडियाबाईंची मुलगी अ‍ॅरोलाइन हिने १९२२ मध्ये सेलममध्ये आईच्या नावाने तरुण माता आणि बालकांसाठी दवाखाना काढला. धंद्याच्या पैशाचा याहून योग्य उपयोग मला सुचत नाही.

गुलाबी गोळ्या पुढच्या रविवारी, नक्की. कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफर्ड यांनी त्यांचे हक्क १८९० मध्ये ५३ डॉलर आणि एक सेंट देऊन घेतले. त्या गोळ्यांत लोह होतं, आणि पंडुरोगाने पांढऱ्या पडलेल्या मुलींना लोहाची खरोखरच गरज होती. त्यामुळे तिथला हिशेब पिंकहॅमबाईंच्या बाटलीपेक्षा वेगळा मांडावा लागेल.