दृष्टीचे तोडगे आणि शेतकरी

अंबरनाथ-बदलापूरकडील भातशेतकऱ्यांस दृष्टीचे तोडगे नवे नाहींत. दारावर लिंबू, मिरची व बिब्बा. शेतांत चुन्याचे ठिपके दिलेलें काळें मडकें. दुभत्या जनावरावरून उतरलेली मीठमोहरी. ती विस्तवांत तडतडली कीं दृष्ट निघाली, असें समजतात. परंतु दृष्ट नसलेल्या घरींही ती तडतडतेच. आंतील ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो, इतकेंच.

तरी सर्वच चाली टाकाऊ नाहींत. कणगींत घातलेला कडुनिंबाचा व निरगुडीचा वाळलेला पाला किडीस आळा घालतो. मात्र धान्य आधीं उन्हांत चांगलें वाळलेलें असावें. शेतांत रोवलेल्या फांदीवर पांखरें बसून अळ्या टिपतात. बिब्बा मुलांच्या हातीं देऊं नये. त्याच्या तेलानें अंगावर फोड येतात.

खरा धोका निराळा आहे. लावणीच्या दिवसांत सर्पदंश झाला आणि भगताच्या उताऱ्यांत वेळ गेला, तर माणूस हातचा जातो. त्यावरील लस दवाखान्यांतच मिळते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें अशा वेळीं वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला आहे. लिंबू दारीं खुशाल बांधावें. पण साप चावलेल्यास तडक दवाखान्यांत न्यावें.