सहल अहिल्यानगरची, धडा पाण्याचा

रब्बीची सुगी आटोपल्यावर चैत्रातील एखादा शनिवार-रविवार निवडून पाच-दहा शेतकरी बंधूंनी ग्रामकार्यकर्त्यासह अहिल्यानगरची सहल योजावी. उन्हाळा निवडण्याचे कारण असे की, गावच्या पाण्याची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते.

पहिला दिवस शहरास द्यावा. मलिक अहमदने १४९० साली वसविलेले हे शहर २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखले जाई. चांदबिबीने लढविलेला भुईकोट किल्ला पाहावा. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू येथेच बंदिवासात होते. ओळखपत्र जवळ असावे. नंतर तळ्याच्या मध्यभागी बांधलेला फराहबाग महाल पाहावा. निजामशाहीत खापरी नळांनी दुरून शहरात पाणी आणीत असत.

दुसऱ्या दिवशी, ग्रामपंचायतीस आगाऊ कळवून, जवळच्या हिवरेबाजारास जावे. येथे पाणी दुरून आणलेले नाही. पडले तेथेच अडविले आहे. डोंगरउतारावरील समपातळी चर व राखलेली झाडे पाहावीत. पावसाचा ताळेबंद मांडून येथे पिके ठरवितात आणि शेतीसाठी कूपनलिका खोदू देत नाहीत. सवड असल्यास पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीही पाहावे.

बांध पुष्कळ गावांनी घातले. परंतु उपशावर बंधन नसेल, तर अडविलेले पाणी चौघांच्या उसात संपते आणि इतरांच्या विहिरी कोरड्या पडतात. म्हणून तेथील शेतकऱ्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : हा नियम सर्वांस मान्य कसा झाला? उत्तर टिपून घ्यावे व आपल्या ग्रामसभेपुढे मांडावे.