व्यायामाचे यंत्र घ्यावे, पण कोणते?

चैत्र संपून वैशाख लागला की आपल्या जिल्ह्यात सकाळचे फिरणे हळूहळू बंद पडते. पारा ४४-४५ अंशांवर जातो, आठ वाजताच ऊन चटके देऊ लागते. त्यापाठोपाठ पावसाळा येतो आणि काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो. मग मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या घरी विषय निघतो, ‘एखादे व्यायामाचे यंत्र घरीच आणले तर?’ विचार चांगला आहे. पण हौसेने आणलेल्या यंत्रावर दोन महिन्यांनी टॉवेल वाळत असल्याचेही बऱ्याच घरांत दिसते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी थोडा हिशेब केलेला बरा.

हृदयाला काय हवे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे. दम लागलेला असतो, शेजारच्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. एवढेही आपल्याकडे होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीतील व्यायामाबाबतचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या १४ हजारांहून अधिक लोकांपैकी सुमारे ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. त्या वाहकांकडे कोणतेही यंत्र नव्हते. हृदयाला श्रम समजतात, यंत्राची किंमत समजत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

ट्रेडमिल

चालणे सर्वांना येते, म्हणून पहिली पसंती बहुधा ट्रेडमिललाच मिळते. चालण्याने हाडांवर भार पडतो आणि तो उतारवयात हाडांना उपकारक असतो. मात्र विजेवर चालणारी ट्रेडमिल घ्यायची तर आधी घराची वायरिंग पाहावी. तिला मोठा, म्हणजे १५-१६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग लागते. घरातला साधा इन्व्हर्टर तिचा भार सहसा पेलत नाही. विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या गावात तिच्या आतील इलेक्ट्रॉनिक पट्टीला धोका असतो.

मोटारीची ताकद विचारताना ‘पीक’ अश्वशक्तीचा मोठा आकडा ऐकून भुलू नये. ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत किती मिळते, ते विचारावे. नुसते चालण्यासाठी सतत दीड ते दोन अश्वशक्ती चालते, धावायचे असल्यास अडीच-तीन हवी. वजनाची मर्यादा घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जास्त असावी. मागे पडल्यास भिंतीत अडकू नये म्हणून यंत्रामागे दोन मीटर जागा मोकळी ठेवावी. सुरक्षेची दोरी कपड्याला लावल्याशिवाय पट्ट्यावर पाय ठेवू नये. माणूस घसरला की दोरी ओढली जाते आणि पट्टा थांबतो.

लहान मुले असलेल्या घरांनी विशेष काळजी घ्यावी. अमेरिकेत एका कंपनीच्या ट्रेडमिलखाली ओढले जाऊन एका बालकाचा मृत्यू झाला आणि २०२१ मध्ये ते मॉडेल बाजारातून परत घ्यावे लागले. वापर संपला की प्लग काढावा आणि चावी उंचावर ठेवावी. विजेविना, पायाने ढकलून चालवायची स्वस्त ट्रेडमिल मिळते, पण तिचा पट्टा ढकलताना गुडघ्यांवर व कमरेवर ताण येतो. वयस्करांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

जागेवरची सायकल

जिल्ह्यातील बहुतेक घरांना आम्ही आधी हिचाच विचार करायला सांगू. ती वीज गेली तरी चालते, थोड्या जागेत मावते, तीवरून पडण्याची भीती कमी आणि शरीराचा भार आसनावर असल्याने दुखऱ्या गुडघ्यांना सोसवते. चांगली ट्रेडमिल जेवढ्यात येते तेवढ्यात अशा दोन-तीन साध्या सायकली येतात. चुंबकीय ब्रेकची सायकल घासणाऱ्या पट्टीच्या सायकलपेक्षा कमी आवाज करते आणि झिजतही कमी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी आसनाची उंची ठेवावी. आसन खाली राहिले की गुडघे दुखतात आणि दोष मात्र सायकलला मिळतो. पाठीचे दुखणे असलेल्यांनी टेकून बसण्याची सायकल पाहावी. हिने हाडांना चालण्याइतका लाभ होत नाही, म्हणून थोडे चालणे सोबत असू द्यावे.

हात-पाय दोन्ही हलवणारे ऑर्बिट्रेक गुडघ्यांना सौम्य असते, पण हलक्या बांधणीचे डगमगते. दुकानातच दहा मिनिटे चालवून पाहावे. वल्हवण्याचे यंत्र उत्तम, मात्र कमरेचा त्रास असणाऱ्यांनी शिकल्याशिवाय वापरू नये.

उष्णता घरातही असते

यंत्र उन्हापासून वाचवते, उकाड्यापासून नाही. टिनाच्या छपराखाली दुपारी व्यायाम करणे म्हणजे हृदयावर दुहेरी ओझे टाकणे. कूलर लावायचा तर खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि अंग तापत राहते. उन्हाळ्यात पहाटेची वेळच बरी. जवळ पाण्याचा तांब्या असावा.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि चालताना छातीत जड वाटणाऱ्यांनी यंत्र घेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. गरज वाटल्यास डॉक्टर ‘स्ट्रेस टेस्ट’ सांगतात. तीही ट्रेडमिलवरच होते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत हृदयाचा आलेख पाहतात. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत. अशांनी यंत्रावरील नाडीच्या आकड्यामागे न धावता बोलता येते का, एवढेच पाहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, साखर हाताशी ठेवावी आणि बुटाशिवाय पट्ट्यावर चढू नये. व्यायाम करताना छाती दाबल्यासारखी झाली, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, गार घाम सुटला तर लगेच थांबावे व १०८ क्रमांकाला फोन करावा. ‘गॅस असेल’ म्हणून वाट पाहू नये.

खरेदीपूर्वी सहा आठवडे

पी हळद आणि हो गोरी असे व्यायामात होत नाही. म्हणून आमची सूचना अशी, की यंत्र आणण्यापूर्वी सहा आठवडे घरातल्या घरात किंवा अंगणात रोज अर्धा तास चालून पाहा आणि कॅलेंडरवर खूण करा. आठवड्यात चार-पाच खुणा होत असतील तर यंत्र वापरले जाईल, खुशाल घ्या. एखादी-दुसरीच खूण दिसत असेल तर अडचण यंत्र नसण्याची नाही, वेळ ठरलेली नसण्याची आहे. ती आधी ठरवावी.

खरेदी ठरली तर दुकानदाराला शेवटचा प्रश्न विचारावा, ‘बिघडल्यास दुरुस्तीला कोण येणार आणि कुठून?’ कारागीर दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरहून यायचा असेल तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्यावे. आणि यंत्र माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत ठेवू नये. जाता-येता नजरेस पडेल आणि हवा खेळती असेल अशाच जागी ठेवावे. रोज दिसते त्याच यंत्रावर माणूस रोज चढतो.