सुमेर : पाटाच्या पाण्यावरची नगरे

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या पूर्व तुर्कस्तानच्या डोंगरांत उगम पावतात आणि दक्षिण इराकच्या गाळाच्या मैदानातून आखाताकडे जातात. याच मैदानात सुमेरी संस्कृती उभी राहिली. या प्रदेशाला मिळालेल्या ‘सुपीक चंद्रकोर’ या नावामुळे तिथे सारे आयते मिळत असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात तिथे वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कोरडवाहू शेतीचा प्रश्नच नाही. पूर येतो तो एप्रिल-मे महिन्यांत, जव कापणीला आला असताना, आणि पेरणीच्या वेळी नद्या रोडावलेल्या असतात. नाईलचा पूर मात्र पेरणीच्या तोंडावर ओसरायचा. त्या मानाने इजिप्तचा शेतकरी भाग्यवान. सुमेरमध्ये पाणी आणायला पाट हवेत, ते अडवायला बांध हवेत आणि पाटांतला गाळ सतत उपसायला माणसे हवीत. माणसे कामाला लावायची तर त्यांचा शिधा आला, आणि शिध्याचा हिशेबही.

हा हिशेब उरुकमध्ये सापडला. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास हे नगर सुमारे २५० हेक्टरांवर पसरले होते. इनान्ना देवीच्या मंदिराच्या आवारात मातीच्या हजारो पाट्या मिळाल्या. ओल्या मातीवर बोरूने उमटवलेल्या या नोंदी बहुतांशी जव, मेंढ्या, बिअर आणि मजुरांच्या आहेत. स्तोत्रे आणि राजांच्या कथा शेकडो वर्षांनंतरच्या. तिथे लेखनकला जन्मली ती कारकुनाच्या हातून. कवींना हे रुचो न रुचो. या हिशेबांतली साठाच्या पटीत मोजण्याची सुमेरी पद्धत आजही घड्याळात टिकून आहे.

गाळाच्या या मुलखात चांगला दगड, इमारती लाकूड, धातू यांपैकी काहीच नव्हते. तांबे मगानहून, म्हणजे ओमानकडून येई. सुमेरी लेखांत येणारे मेलुह्हा म्हणजे सिंधू खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, अशी बढाई अक्कडचा राजा सार्गोन याने कोरून ठेवली आहे. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर या सुमेरी नगरात उत्खनन केले, तेव्हा राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू खोऱ्यातल्या घडणीचे तांबड्या कार्नेलियनचे मणीही मिळाले. मेलुह्हाच्या भाषेच्या एका दुभाष्याची मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

ज्या पाटांनी नगरे पोसली, त्यांनीच जमीन नासवली असावी. निचरा नसलेल्या शेतात पाणी सुकते, क्षार वर येतात. थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट अॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली दाखवून दिले की, सुमेरमध्ये गव्हाची जागा हळूहळू खारवट जमीन सोसणाऱ्या जवाने घेतली. ऱ्हासाचे सारे खापर क्षारांवर फोडण्याला पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तही आहेत. इ.स.पू. २००४ च्या सुमारास उरची सत्ता बुडाली ती पूर्वेकडच्या एलाम राज्याच्या स्वारीने. लढाया आणि दुष्काळ यांनी ती आधीच खिळखिळी झाली होती. बोली म्हणून सुमेरी मागे पडली, तरी पाठशाळांत ती पुढे बराच काळ शिकवली जात होती.

मातीच्या पाट्यांवरच्या कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या, लिपीचे कोडे एकोणिसाव्या शतकात सुटले. त्यात मोठा वाटा हेन्री रॉलिन्सन यांचा. १८२७ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आले होते. १८५७ मध्ये लंडनमध्ये एकाच कीलाकार लेखाची चार विद्वानांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे ताडून पाहिली गेली आणि ती पुष्कळशी जुळली.

जिथे सुमेर होते, त्या दक्षिण इराकमधल्या दलदली १९९० च्या दशकात सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने कोरड्या पाडल्या. २००३ नंतर तिथल्या लोकांनी बांध फोडून पाणी परत आत घेतले. उर, उरुक, एरिदू ही प्राचीन नगरे आणि या दलदली २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.