डोलकाठीचे सैल रिवेट

वाऱ्यावर चालणारी होडी किनाऱ्यावरून पाहताना आपली दृष्टी प्रथम शिडावर जाते आणि मग डोलकाठीवर. या दोहोंना एकमेकांशी जखडून ठेवणारे रिवेट वाटाण्याहून लहान असतात आणि म्हणून ते सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. परंतु भर वाऱ्यात काठी उभी राहणार की आडवी होणार, हे पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.

कोकणातल्या जुन्या गलबतांना हा प्रश्न फारसा पडत नसे. काठी लाकडाची, बांधणी दोराची. दोर सैल झाला तर पुन्हा आवळला की काम भागले. पण आज आपल्या देशातील नौकाविहार मंडळांत दिसणारी 'एंटरप्राइझ'सारखी दोघांची होडी घ्या. सुमारे चार मीटर लांबीच्या या होडीची डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीची असते. ती हलकी असते, कुजत नाही. परंतु नळीची भिंत अवघी दीड-दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यात स्क्रू नीट धरत नाही. म्हणून काठीला दोन्ही बाजूंनी तोलणाऱ्या तारांच्या पट्ट्या, शिडाच्या तळाशी असणाऱ्या बूम नावाच्या आडव्या काठीचा सांधा, दोरांच्या कप्प्या, हे सारे रिवेटांनी जडवावे लागते.

बॉयलरचा किंवा पुलाचा रिवेट ठोकताना एक माणूस बाहेरून हातोडा मारतो आणि दुसरा आतून आधार देतो. डोलकाठीच्या नळीत आधार द्यायला हात कोठून पोहोचणार? ही अडचण सोडविणारा रिवेट 1916 च्या सुमारास हॅमिल्टन वायली या अभियंत्याने योजला आणि पुढे विमानांच्या बांधणीत तो फार उपयोगी पडला. 'पॉप रिवेट' या नावाने तो आज सर्वत्र मिळतो. हा रिवेट पोकळ असून त्याच्या पोटातून डोके असलेली एक खिळी गेलेली असते. पकडीने ती खिळी बाहेर ओढली की तिचे डोके रिवेटचे आतले टोक फुगवते, पत्रा दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि ठरलेल्या ताणाला खिळी मानेशी तुटते. सारे काम एकाच बाजूने होते.

असा घट्ट बसलेला रिवेट सैल का व्हावा? एक कारण उघड आहे. झुळकेगणिक पट्टीला हिसका बसतो, हिसक्यागणिक रिवेट किंचित घासतो आणि भोक हळूहळू लांबट होते. रिवेटभोवती काळसर वलय दिसले, तर ही झीज चालू आहे असे समजावे. दुसरे कारण अधिक चोरटे आहे. पट्टी स्टेनलेस पोलादाची, काठी ॲल्युमिनियमची आणि दोहोंमध्ये खारे पाणी. म्हणजे एक लहानसा विद्युत्घटच तयार झाला. अशा घटात ॲल्युमिनियम झिजते आणि पोलाद सुरक्षित राहते. त्यात रिवेट ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी वाईट, कारण मोठ्या पोलादी पट्टीचा सगळा जाच त्या एवढ्याशा जिवावर येतो. पांढरी भुकटी ही या क्षरणाची खूण. मुंबई-चेन्नईच्या खाऱ्या बंदरांत ती लवकर दिसते. हैदराबादच्या हुसेनसागरात किंवा भोपाळच्या मोठ्या तलावात उशिरा.

हा धडा नाविकांना फार पूर्वी मिळाला आहे. 1761 मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मढविला. दोन वर्षांनी पाहणी केली, तेव्हा तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. मात्र पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जेथे चुकून मध्ये राहिला होता, तेथले खिळे शाबूत होते. दोन धातूंमध्ये आडपडदा हवा, एवढेच त्या कागदाने सांगितले.

म्हणून नुसता जुना रिवेट काढून त्याच जागी तसाच नवा ठोकणे, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! आधी काठी उतरवून दोन घोड्यांवर आडवी ठेवावी आणि प्रत्येक पट्टी हलवून पाहावी. एक रिवेट सैल सापडला तर त्या पट्टीचे सगळेच बदलावेत. कारण त्याने टाकलेला भार इतके दिवस शेजाऱ्यांनीच वाहिलेला असतो.

रिवेट काढताना घाई नको. पोटात उरलेला खिळीचा तुकडा कठीण असतो; त्यावर ड्रिल घसरते आणि भलतीकडे भोक पडते. म्हणून पंच ठेवून तो तुकडा प्रथम आत ठोकावा. मग रिवेटच्याच जाडीचे, बहुधा 4.8 मिलिमीटरचे, ड्रिल लावून फक्त डोके सुटेपर्यंत कोरावे आणि उरलेले धड आत ढकलावे. हे तुकडे काठी उभी करून तळाच्या बाजूने झाडून काढावेत, नाही तर ते प्रत्येक लाटेबरोबर आत खुळखुळत राहतात. भोक लांबट झालेले आढळले, तर एक माप जाड रिवेट घ्यावा किंवा पट्टी थोडी सरकवून नवी भोके पाडावीत. काठीच्या घेराभोवती एकाच रेषेत भोकांची माळ मात्र करू नये. काठी नेमकी तेथेच मोडते.

नव्या रिवेटचा धातू कोणता असावा? नुसते ॲल्युमिनियम मऊ पडते. स्टेनलेस पोलाद बळकट खरे, पण साध्या हातपकडीला दाद देत नाही. म्हणून भाराच्या जागी बहुधा मोनेल वापरतात. सुमारे दोन भाग निकेल आणि एक भाग तांबे यांची ही मिश्रधातू खाऱ्या पाण्याला चांगली टिकते. तीही ॲल्युमिनियमहून वेगळी आहे, हे खरे. पण येथे रिवेट लहान आणि काठी मोठी असल्याने झीज पसरते व मंदावते. तरीही आडपडदा हवाच. पट्टीखाली नायलॉनचा पातळ तुकडा घालावा आणि प्रत्येक रिवेट क्षरणरोधक लेपात बुडवून बसवावा. यांतले क्रोमेटयुक्त लेप विषारी असतात, तेव्हा हातमोजे विसरू नयेत.

लांबीही मापून घ्यावी. काठीची भिंत दोन आणि पट्टी दोन मिलिमीटरची असेल, तर चार मिलिमीटर जाडी आवळणारा रिवेट हवा. आखूड रिवेट आत नीट फुगत नाही, आणि फार लांब रिवेटचे शेपूट आतून जाणाऱ्या दोरीला कापते. सगळे रिवेट प्रथम भोकांत बसवून पाहावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने ओढावेत. पकड काठीला काटकोनात धरावी आणि पट्टी नळीला घट्ट दाबून ठेवावी. पोटात राहिलेली खिळी साध्या पोलादाची असेल, तर ती ठोकून काढावी म्हणजे गंज राहत नाही. एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रिवेट आडव्या ओढीला खंबीर असतो, उपटून काढणाऱ्या ओढीला नव्हे. सरळ बाहेर खेचणारा भार असेल, तेथे आरपार बोल्टच योग्य.

मुंबईच्या बंदरात पावसाळ्यात लहान होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या कामाला तोच काळ सोयीचा. एरवीही प्रत्येक फेरीनंतर काठी गोड्या पाण्याने धुवावी आणि पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवावे. जोराच्या वाऱ्यात पट्टी सुटली तर काठी कोसळते ती होडीतल्या दोघा माणसांच्या अंगावर, आणि त्या वेळी हाताशी ना ड्रिल असते ना पकड. काळे वलय किंवा पांढरी भुकटी त्या आधी कित्येक आठवडे दिसत असते. ती किनाऱ्यावर असतानाच पाहिली, तर दुरुस्तीला एक सकाळ पुरते.