भाव आणि मूल्य : शेअरबाजारातील दोन विश्लेषणपद्धती

मराठीत 'भाव' आणि 'मूल्य' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. तथापि त्यांचे अर्थक्षेत्र एक नाही. बाजारात 'आजचा भाव काय?' असे विचारतात, 'आजचे मूल्य काय?' असे सहसा कोणी विचारीत नाही. भाव फुटतो, चढतो, उतरतो, पडतो. मूल्य मात्र ठरवावे किंवा जाणावे लागते. भाव हा घडून गेलेल्या व्यवहाराचा आकडा होय, तर मूल्य हे कोणीतरी विचारपूर्वक केलेले अनुमान होय.

शेअरबाजारातील गुंतवणुकीसाठी ज्या दोन विश्लेषणपद्धती रूढ आहेत, त्यांतील भेद या दोन शब्दांच्या साहाय्याने जितका स्पष्ट होतो, तितका तो त्यांच्या प्रचलित नावांनी होत नाही. एकीला 'मूलभूत विश्लेषण' म्हटल्यामुळे तीच तेवढी पायाशुद्ध व दुसरी वरवरची, असा ग्रह होतो. दुसरीला 'तांत्रिक विश्लेषण' म्हटल्यामुळे तिच्या ठायी एखाद्या यंत्राची अचूकता असावी, असा भास होतो. हे दोन्ही समज टिकण्यासारखे नाहीत. पहिली पद्धती मूल्याचा अंदाज बांधते. दुसरी भावाच्या वर्तनाचे निरीक्षण करते. दोहींचे प्रश्न निराळे असल्यामुळे उत्तरे निराळी येणे स्वाभाविक आहे. मात्र एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले, म्हणजे त्यात सामान्य गुंतवणूकदाराची शिल्लक जाते. म्हणून या दोन पद्धतींच्या मर्यादा तपासणे आवश्यक ठरते.

१. मूल्याचा अंदाज

मूलभूत विश्लेषणाला शास्त्राचे रूप दिले ते कोलंबिया विद्यापीठातील बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांनी. त्यांचा 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा ग्रंथ १९३४ साली, म्हणजे १९२९ च्या अमेरिकन बाजारकोसळीनंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाला. शेअर हा उद्योगातील मालकीचा अंश आहे, ही त्यांची आधारभूत कल्पना. तेव्हा शेअर घेणाऱ्याने प्रथम उद्योगाचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, कर्जाचा बोजा आणि लाभांशाचा इतिहास पाहावा, मूल्याचा अंदाज करावा, आणि भाव त्या अंदाजाहून पुरेसा खाली असेल तरच खरेदी करावी. मूल्य व भाव यांतील या अंतराला ग्रॅहॅम यांनी सुरक्षिततेचे अंतर मानले. हे अंतर राखण्याचे कारण उघड आहे: अंदाज चुकण्याचा संभव गृहीत धरूनच व्यवहार करावयाचा असतो.

हा संभव किती मोठा असतो, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली असे प्रतिपादन केले की, शेअरचे मूल्य म्हणजे त्यापासून पुढे मिळावयाच्या सर्व लाभांशांची आजची किंमत. समजा, एका कंपनीचा पुढील वर्षीचा लाभांश दर शेअरमागे ६ रुपये आहे आणि गुंतवणूकदाराला वार्षिक ११ टक्के परतावा अपेक्षित आहे. लाभांश कायम दरसाल ५ टक्क्यांनी वाढत जाईल असे मानल्यास, ६ ला ११ व ५ यांच्या वजाबाकीने, म्हणजे ६ टक्क्यांनी, भागून मूल्य १०० रुपये येते. वाढीचा दर ६ टक्के धरल्यास ते १२० होते आणि ७ टक्के धरल्यास १५०. वाढीच्या अंदाजात दोन टक्क्यांचा फरक केला की मूल्य दीडपट होते. आणि पुढील अनेक वर्षांची वाढ ५ टक्के होईल की ७, हे कंपनीच्या संचालकांनाही निश्चित सांगता येत नाही. तात्पर्य, मूलभूत विश्लेषणाने एक आकडा हाती येत असला, तरी तो एका पट्ट्याचा मध्यबिंदू समजावयास हवा.

याखेरीज या पद्धतीची दुसरी मर्यादा अशी की, मूल्याच्या खाली गेलेला भाव मूल्याकडे केव्हा परतेल, याविषयी ती काहीही सांगत नाही. १९२९ नंतरच्या मंदीत स्वतः ग्रॅहॅम यांनाही मोठे नुकसान सोसावे लागले होते.

२. भावाचे वर्तन

तांत्रिक विश्लेषणाचा पाश्चात्त्य प्रवाह चार्ल्स डाऊ (१८५१–१९०२) यांच्यापासून मानला जातो. 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राच्या संस्थापकांपैकी ते एक. १८९६ साली त्यांनी बारा औद्योगिक कंपन्यांच्या शेअरभावांची सरासरी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. बाजाराची हालचाल तिहेरी असते, असे त्यांचे म्हणणे होते: वर्षानुवर्षे चालणारा मुख्य प्रवाह, काही आठवडे वा महिने टिकणारी उलट गती आणि दैनंदिन चढउतार. त्यांच्या पश्चात विल्यम पीटर हॅमिल्टन यांनी या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. औद्योगिक शेअरांच्या सरासरीने दाखविलेल्या दिशेला रेल्वे शेअरांच्या सरासरीने दुजोरा द्यावयास हवा, हा त्या सिद्धांताचा एक नियम. त्यामागे साधा व्यावहारिक विचार आहे: कारखान्यांत माल तयार होत असेल, तर तो कोणीतरी वाहून नेतही असला पाहिजे. यावरून दिसते की, आरंभी ही पद्धती उद्योगाच्या वास्तवापासून तुटलेली नव्हती.

पुढे भावालेख, उलाढालीचे आकडे, आधार व अवरोध यांच्या पातळ्या, चल सरासऱ्या अशी साधने वाढत गेली. त्यांतील चल सरासरीचे उदाहरण पुरेसे आहे. मागील दोनशे व्यवहारदिवसांच्या बंद भावांची सरासरी काढावयाची. नवा दिवस आला की सर्वांत जुना गाळावयाचा. भाव या रेषेच्या वर असेल तर कल चढता, खाली असेल तर उतरता. येथे भविष्य कोठेच वर्तविलेले नाही. अलीकडे घेणाऱ्यांचा आग्रह अधिक आहे की विकणाऱ्यांचा, एवढीच त्यातून मिळणारी माहिती होय.

ही माहिती उपयोगी पडते काय? आल्फ्रेड काऊल्स यांनी १९३३ साली हॅमिल्टन यांची भाकिते तपासली. १९०३ अखेरपासून १९२९ अखेरपर्यंतच्या २६ वर्षांत हॅमिल्टन यांच्या सल्ल्याने वागणाऱ्यास वार्षिक सुमारे १२ टक्के परतावा मिळाला असता. शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्यास १५.५ टक्के. हा फरक लहान नव्हे. चक्रवाढीने पहिल्याच्या एका रुपयाचे १९ होतात, तर दुसऱ्याच्या एका रुपयाचे ४२. या निष्कर्षामुळे तांत्रिक विश्लेषण विद्यापीठीय वर्तुळात दीर्घकाळ त्याज्य ठरले. तथापि १९९८ साली ब्राउन, गोएट्झमन व कुमार या तिघा संशोधकांनी तीच भाकिते पुन्हा तपासली. हॅमिल्टन यांचा अनुयायी बऱ्याच काळ बाजाराबाहेर राहत असल्याने त्याने पत्करलेली जोखीमही कमी होती, ही गोष्ट त्यांनी हिशोबात घेतली. जोखमीच्या मानाने पाहता हॅमिल्टन यांची कामगिरी चांगली ठरली. एकच सामग्री, परंतु 'पैसा किती वाढला?' व 'किती धोका पत्करून वाढला?' या दोन प्रश्नांनी तिचे निष्कर्ष बदलले. हॅमिल्टन यांनी ऑक्टोबर १९२९ मध्ये भरती ओसरल्याचा इशारा दिला होता, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

३. एकच घसरण, दोन अर्थ

दोन पद्धतींतील विरोध सर्वांत तीव्र होतो तो भाव घसरतो तेव्हा. नफा तोच राहून भाव १५० चा १०० झाला, तर मूलभूत विश्लेषकाच्या दृष्टीने शेअर स्वस्त झाला; तांत्रिक विश्लेषकाच्या दृष्टीने तो दुर्बळ झाला. पहिला घ्यावयास निघतो, दुसरा विकावयास. यांपैकी कोणाचे खरे, हे घसरण का झाली यावर अवलंबून असते. भारतीय बाजारातील दोन घटनांवरून हे पडताळता येते.

हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे तो लगोलग मागे घेण्यात आला. तरीही दुसऱ्या दिवशी मुंबईत शेअरचा भाव सुमारे ३० टक्क्यांनी कोसळला. प्रसिद्ध हिशोबांच्या आधारे मूल्य काढणाऱ्याला हा शेअर आता फारच स्वस्त दिसत होता. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशोब खोटे असल्याचे पत्राद्वारे कबूल केले. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख शिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्या तिमाहीचा कार्यकारी नफा ६४९ कोटी दाखविला होता, प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. त्या दिवशी भाव सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. येथे डिसेंबरातील घसरणीत जो संशय व्यक्त झाला होता, तो ताळेबंदात नव्हता. अर्थात भावालाही हा लबाडीचा इतिहास आधीची अनेक वर्षे कळला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

दुसरी घटना २०२० ची. साथरोगाच्या भीतीने २३ मार्च २०२० रोजी मुंबईचा सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी खाली येऊन २५,९८१ वर बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या वर गेला होता. भावालेखाचा कौल स्पष्टपणे विक्रीचा होता. परंतु सुदृढ उद्योगांची दीर्घकालीन कमाई तेवढ्या प्रमाणात नष्ट झालेली नव्हती, आणि नोव्हेंबरात निर्देशांकाने जानेवारीची उंची पुन्हा ओलांडली. घबराटीत विकून पुन्हा वेळेवर न परतलेल्यांचे नुकसान कायमचे झाले. सत्यमच्या वेळी भावाकडे पाहणारा वाचला; २०२० मध्ये मूल्याकडे पाहणारा. एका उदाहरणावरून एका पद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहणारा युक्तिवाद म्हणूनच अपुरा ठरतो.

४. कारणांची अदलाबदल

व्यवहारात नुकसान होते ते बहुधा एखाद्या पद्धतीच्या दोषाने नव्हे, तर कारणांच्या अदलाबदलीने. भाव चढत आहे एवढ्याच कारणाने शेअर घेतला जातो. तो उतरू लागला म्हणजे 'कंपनी चांगली आहे' हे नवे कारण पुढे येते, आणि चार दिवसांचा व्यवहार चार वर्षांची गुंतवणूक होऊन बसतो. उलटपक्षी, उद्योगाचा अभ्यास करून घेतलेला शेअर किरकोळ घसरणीने 'आलेख बिघडला' म्हणून विकला जातो. दोन्ही प्रसंगी घेण्याचे कारण एका पद्धतीचे आणि ठेवण्याचे वा विकण्याचे कारण दुसरीचे असते.

सबंध बाजारातही ही अदलाबदल घडू शकते. १९९१-९२ च्या तेजीत ए.सी.सी. या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या घरात गेला. त्या तेजीचे अग्रणी हर्षद मेहता यांनी तिचे समर्थन मूल्याच्या भाषेत केले: जुन्या कंपनीचे मोल तसाच कारखाना आज उभारण्यास येणाऱ्या खर्चावरून ठरवावे. विचार सर्वस्वी अर्थशून्य नव्हता; परंतु त्या कारखान्यापासून नफा किती होईल, हा प्रश्न त्यात वगळला होता. प्रत्यक्षात भाव चढत होता तो रोखे-व्यवहारांतून वळविलेल्या बँकांच्या पैशावर. एप्रिल १९९२ मध्ये हे उघडकीस आले व तेजी कोसळली.

५. उपयोजन

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. कोणता शेअर घ्यावा, हा निर्णय मूल्याच्या अभ्यासावर सोपवावा. केव्हा व किती घ्यावा, यासाठी भावाच्या वर्तनाची मदत घ्यावी. खरेदीपूर्वीच दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: घेण्याचे कारण, आणि काय घडल्यास ते कारण संपले असे मानावयाचे. कारण मूल्याचे असेल तर विक्रीची अटही मूल्याची असावी. म्हणजे नफा घटणे, कर्ज वाढणे, हिशोबांविषयी शंका निर्माण होणे. कारण भावाचे असेल तर विक्रीची अटही भावाचीच असावी, आणि ती मोडू नये. भाव मोठ्या प्रमाणात व विशेष कारणाशिवाय पडू लागल्यास मूल्याचा अंदाज पुन्हा तपासावा. तो बिनचूक आहे असे धरून आणखी खरेदी करू नये.

या शिस्तीची निकड सेबीच्या आकडेवारीवरून लक्षात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदा व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांची मुदत ठरलेली असते. मूल्य भावाला गाठीपर्यंत थांबण्याची सोय त्यांत नसते. साहजिकच तेथे उतरणाऱ्याची भिस्त बहुतांशी भावाच्या अंदाजावर राहते, आणि तो अंदाज किती जणांचा साधतो हे वरील आकडा सांगतो.

मूलभूत विश्लेषण म्हणजे ज्ञान आणि तांत्रिक विश्लेषण म्हणजे जुगार, असा भेद करणे जसे योग्य नव्हे, तसेच दोहोंची सरमिसळ केल्याने दोहोंचे गुण मिळतात असे मानणेही योग्य नव्हे. दोन्ही पद्धती अपूर्ण सामग्रीवरून अनुमान करतात. आपले अनुमान भावाविषयी आहे की मूल्याविषयी, एवढे ज्याला प्रत्येक व्यवहारापूर्वी सांगता येते, त्याला आपली चूक वेळेवर ओळखण्याची संधी राहते.